राखेच्या पाण्यातल्या शेंगा

आमच्या गावाकडच्या घरातली चूल मी माझ्या हाताने मोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण मागचं सांगायला बसलं की माझी जीभ हळूच माझीच बाजू घ्यायला लागते. पन्नाशी गाठलेली बाई आहे मी. बीडमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि आपलंच बरोबर असतं याची मला इतक्या वर्षांत सवय होऊन गेली आहे. वर्गात ती सवय खपून जाते.

मांजरसुंब्याहून लिंबागणेशच्या बाजूला निघालं की वाटेत एक ओढा लागतो. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर त्यात पाणी नसतं, पण दोन्ही काठांनी बाभळी आहेत, जुन्या, काळ्या बुंध्याच्या. ओढ्याच्या पलीकडे आमचं घर. घरात माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंच. गोठ्यात एक गाय, लाल कंधारी. मायने तिला नाव ठेवलं नव्हतं, नुसतं 'बाई' म्हणायची. मलाही ती 'बाई'च म्हणायची, त्यामुळे हाक कुणाला आली ते सुरावरून ओळखावं लागे. सूर गोड असला तर ती गाईला असायची.

मी त्यांची एकुलती एक. बीडला माझ्याकडे येऊन राहा म्हणून कितीतरी वर्षं त्यांच्या मागे लागले होते. दादा कधीच काही बोलत नसत, ते मायकडे बघत. आणि माय म्हणायची, "आन हिला कुठं बांधू? तुज्या ग्यालरीत?" त्या गाईचा मला मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या सिझेरियनच्या वेळी माय चार दिवसांत परत गेली होती, तेव्हाची गाय, हिची आजी, व्यायला झाली होती म्हणून.

तर चूल. मायला खोकला होता, वर्षानुवर्षांचा. छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वयंपाक कशावर करता हा. मी त्याच आठवड्यात गॅस आणला, शेगडी मांडली, आणि माय शेजारी गेली तेवढ्यात खुरप्याने चूल उकरून काढली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्या घरची अशी गेली. माय परत आली, त्या ढिगाऱ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आगं, मला राख लागती."

"भांड्याला ना? पावडर आनून देते."

"जनावराला बी लागती."

"गोचिडाला? त्याची बी पावडर मिळती."

दोन्ही पावडरी मी आणून दिल्या. तिने त्या फळीवर ठेवल्या आणि एकही फोडली नाही. दिवाळीला गेले तर गोठ्यामागे तीन दगड मांडलेले, मध्ये काटक्या जळालेल्या. मी पायाने ते दगड उधळले. त्या दिवशी आमचं असं भांडण झालं की दादा उठून पारावर जाऊन बसले. मी म्हणाले, तुला मरायचं असलं तर सरळ सांग. ती म्हणाली, मरंन तवा मरंन, तू काय यमाची कारकून हायेस का. मग तिने चूल मांडली नाही, पण दोन-तीन दिवसांआड घमेलं घेऊन शेजारच्या काकूकडे जायची आणि राख भरून आणायची. काकूची चूल शाबूत होती. मला वाटायचं, हिला गप्पा हाणायला निमित्त हवंय.

त्यानंतरच्या वर्षी, महाशिवरात्रीच्या सुमारास, माय गोठ्यातल्या ओल्या फरशीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बीडला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने म्हणून सांगितलं. तिला माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं. गाय तेव्हा गाभण होती, सातवा महिना चालला होता. माय पलंगावर पडल्या पडल्या बोटांवर मोजायची आणि म्हणायची, "ती व्यायच्या आधी मला न्हेऊन सोड. लंगडत का व्हईना, मी पायजे तिच्याजवळ."

"सोडते."

"तुज्या बापाला जमायचं न्हाई. त्यानं कधी केलं न्हाई."

"मी दर रविवारी जाते ना. तुजी गाय तुज्या हातात देते, मग तर झालं?"

असं मी म्हणाले. आजारी माणसाला आपण काहीही म्हणतो, पण मायने ते धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बाई म्हनलीय, गाय हातात देते म्हनून." तिच्या दृष्टीने तो शब्द होता.

रोज दिवेलागणीला ती मला दादांना फोन लावायला सांगायची. आधी दादांची चौकशी असायची, जेवलात का, एवढीच. मग गाईची. पाणी पाजलं का, शेण कसं पडलं, शेंगा भिजत घातल्या का, राख आनली का. शेवटी म्हणायची, "आता तिच्या कानाला लावा." दादा फोन घेऊन गोठ्यात जात. आणि माय त्या गाईशी बोलायची. काय बोलायची म्हणाल तर काही नाही. आज इथं लई उकडतंय. तुज्या पाटीत पानी हाय का गं. मी येते. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत असायचे आणि मनात म्हणायचे, माझ्याशी एवढं बोलली असतीस तर.

त्या वर्षी ज्वारी धड आली नव्हती आणि कडबा होळीलाच संपत आला होता. आमच्याकडे अशा वर्षी बाभळीच्या शेंगा उपयोगी पडतात. फाल्गुनापासून त्या वाळून गळायला लागतात, उरलेल्या आकडीने झाडून खाली पाडायच्या. शेळ्या तर त्यांच्यावर तुटून पडतात. माय गाईला रोज एक टोपलं शेंगा द्यायची. राख कालवलेल्या पाण्यात त्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी दोन पाण्यांतून काढायच्या, आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालायच्या. हे सगळं तिने फोनवरून दादांना शिकवलं, आणि दादा, ज्यांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता, ते घमेलं घेऊन काकूच्या दारात राखेला जाऊ लागले.

एका रविवारी मी गेले तेव्हा ते घमेलं गोठ्याच्या तोंडाशी होतं. करडं, दाट पाणी, वर तपकिरी फेस, त्यात फुगलेल्या शेंगा. गटारीचं पाणी बरं. मी नाकाला पदर लावला.

"दादा, हे काय?"

"शेंगा. तुज्या मायनं सांगितलंय."

"गाभन जनावराला राखंचं पानी?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा तो आवाज माहीत होता. राख म्हणजे क्षार, आतड्याला चरे पडतील, वासरावर परिणाम होईल, असं मी बरंच काही सांगितलं. त्यातलं निम्मं मला तेव्हाच सुचत होतं. समोर काकूच्या शेळ्या ओढ्यात शेंगा खात होत्या, कोरड्या, जमिनीवरून उचलून. मी बोट केलं. "त्यांना कोन राख लावून देतं? बघा कशा तुकतुकीत हायेत." शिवाय मी कुठेतरी वाचलं होतं की या शेंगांमध्ये प्रथिनं चांगली असतात. म्हणजे फुकटची पेंडच. मी दादांना सांगितलं, धुवायचं नाही, भिजवायचं नाही, आणि एक नाही, दोन टोपली घाला, पोटुशी आहे ती.

"आन तुजी माय इचारती त्याचं?"

"हो म्हना. तिला कशाला तरास."

दादांनी घमेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. "तू म्हनतीस तर ऱ्हायलं," म्हणाले. माझ्या शिकण्यावर त्या माणसाचा फार विश्वास. मी दहावी पास झाले तेव्हा त्यांनी अख्ख्या गावात सांगितलं होतं की आता आमच्या घरात कुणी अडाणी राहिलं नाही.

त्या दिवसापासून दिवेलागणीला माय विचारायची, राख आनली का, आणि दादा म्हणायचे, आनली. पन्नासएक वर्षांच्या संसारात दादा तिच्याशी खोटं बोलले असतील असं मला वाटत नाही, तेवढी त्यांची हिंमतच नव्हती. माझ्या सांगण्यावरून रोज बोलू लागले.

दोन-तीन आठवडे काही दिसलं नाही. मग दादा मला एकटीला फोन करून म्हणाले, शेण घट्ट पडतंय, काळं. मी म्हणाले ऊन आहे, पाणी जास्त दाखवा. नंतर म्हणाले, रवंथ कमी करती. ऊन आहे, म्हणाले मी. रविवारी गेले तर गाय खरंच वाळली होती, कमरेची हाडं वर आली होती, केस उभे राहिले होते. मला काय सुचावं? मी म्हणाले, गर्भ ओढतोय, खुराक कमी पडतोय, शेंगा वाढवा. काकू दाराशी उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "राखंला येत न्हाईत आता?" दादा म्हणाले, "पोरगी नको म्हनती." काकू माझ्याकडे बघून आत गेली. शहाण्यासुरत्या मास्तरणीला काय सांगायचं, असं तिला वाटलं असेल, आणि मी सांगू दिलंही नसतं.

वैशाख लागला तेव्हा दादांनी कुणाच्या तरी फोनवरून फोटो पाठवला. गाईच्या जबड्याखाली सूज होती, पाण्याची पिशवी लोंबावी तशी. मी रजा टाकली, मायला सांगितलं बाहेरगावी शाळेचं काम आहे, तिला नवऱ्यावर सोपवलं, आणि गेले. गावाच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले होते. तरुण मुलगा, शांत. त्याने डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, पोटाला कान लावला, शेण काडीने फोडून बघितलं. मग विचारलं, "खायला काय चालू हाय?"

दादांनी सांगितलं. किती टोपली तेही सांगितलं. त्या मुलाने हातातली काडी टाकली.

"कोरड्याच घालता? राखेत नाही भिजवत?"

मी म्हणाले, "राखेने काय होतं?"

"टॅनिन असतं मॅडम, शेंगांमध्ये. तुरटपणा. थोडं पोटात गेलं तर बरंच असतं, जंत कमी होतात. जास्त झालं की चाऱ्यातलं प्रथिन धरून बसतं, सोडत नाही. जनावर खातं पण त्याच्या अंगी काही लागत नाही. राखेच्या पाण्यात ते बरंचसं मरतं. जुनी माणसं करायची इकडं."

"आणि शेळ्या?"

"शेळीच्या लाळेतच त्याचा उतारा असतो. आणि ती फिरून दहा झाडांचं खाते. गाईचं तसं नसतं."

टॅनिन. दरवर्षी नववीच्या वर्गात मी पोरांना हिरड्याचा एकेक तुकडा चघळायला देते. त्यांची तोंडं वाकडी होतात, जीभ आवळते, सगळे पाण्याच्या बाटल्यांकडे धावतात, आणि मी फळ्यावर लिहिते की हे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. याच्यानेच कातडं कमावतात, बाभळीच्या सालीने. पोरं हसतात, मी हसते. तो शब्द मी शेकडो वेळा उच्चारला आहे. पण गोठ्याच्या दाराशी ते घमेलं बघितलं तेव्हा मला तो आठवला नाही. माझ्यासाठी टॅनिन वर्गात होतं आणि गोठ्यात होती मायची अडाणी खटपट. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमचा गोठा रिकामा होणार होता.

डॉक्टर म्हणाला शेंगा बंद करा. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, सरकीची ढेप आणि हिरवा चारा सांगितला. व्यायला अजून पंधरा-वीस दिवस असतील, म्हणाला, तोवर अंग धरलं तर बघू. मी मांजरसुंब्याला जाऊन ढेप आणली, ओळखीच्या मळ्यातून मका आणला, दादांनी हाताने घास भरवले. तिने दादांच्या हातचं खाल्लंसुद्धा. दोन दिवस मला वाटलं की सुटले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती व्याली, दिवस भरायच्या आधीच. कालवड झाली, कुत्र्याएवढी, पण जिवंत. गाईने मान वळवून तिला चाटलं. मग पाय दुमडून बसली ती उठली नाही. कासेत चीक नव्हता. काकूने तिच्या व्यालेल्या म्हशीचा चीक आणून कालवडीला बाटलीने पाजला. आम्ही गाईच्या पोटाखाली पोती घातली, चार माणसांनी उचलून बघितलं, डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन गेला. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. दादा तिच्या डोक्याजवळ बसले होते. मी तेव्हा बाहेर उभी राहून मायच्या फोनला उत्तर देत होते, की शाळेचं काम अजून संपलं नाही, उद्या येते.

शेताच्या बांधाला मशीनने खड्डा केला. मीठ टाकलं. दादा रडले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "तुज्या मायला मी काय सांगू?" मी म्हणाले, मी सांगते, तुम्ही काही बोलू नका. आणि बीडला येऊन मी दोन दिवस काहीच सांगितलं नाही. हाड नुकतंच जुळलंय, रक्तदाब वाढेल, असली कारणं माझ्याजवळ भरपूर होती. मी तिला भीत होते, एवढंच खरं.

दिवेलागण झाली की फोन लागायचाच. पहिल्या दिवशी माय म्हणाली, कशी हाय? दादा म्हणाले, बरी हाय. "कानाला लावा," माय म्हणाली. मी पलंगाशेजारी उभी होते. पलीकडे दादांचे पाय वाजल्याचं ऐकू आलं, गोठ्याचं फाटक वाजलं. मग दादांचा आवाज आला, "लावलाय." आणि माय बोलायला लागली. आता थोडंच ऱ्हायलं गं बाई. बाई म्हनलीय, सोमवारी न्हेते मला. घाबरू नको, मी आल्याबिगर व्यायचं न्हाई.

मी तिथून निघून जायला हवं होतं किंवा फोन हिसकावून घ्यायला हवा होता. मी यातलं काहीच केलं नाही. पलीकडे माझा म्हातारा बाप रिकाम्या गोठ्यात हात लांब करून उभा होता, आणि त्याला तसं उभं मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. माय बोलत होती, आणि बोलता बोलता थांबली. फोन कानाला दाबून धरला. बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने फोन पांघरुणावर ठेवला आणि मला म्हणाली, "तिचा श्वास न्हाई यीत. काल बी आला न्हवता." "कवा गेली?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मग उरलेलंही सांगितलं, घमेलं, उकिरडा, दोन टोपली, सगळं. सांगताना मी रडत होते आणि तिने मला गप्प केलं नाही. पलीकडे फोन चालूच होता. दादांनी सगळं ऐकलं असणार, कारण मध्येच त्यांचा आवाज आला, "आगं, मी खोटं बोललो गं तुला." एवढंच. मायने फोन उचलून म्हटलं, "जेवून घ्या," आणि बंद केला.

सोमवारी तिला घेऊन गेले. वॉकर धरून ती गाडीतून उतरली, कुणाशी बोलली नाही, सरळ गोठ्यात गेली. कालवड काकूच्या दावणीला म्हशीच्या दुधावर होती, माय तशीच वॉकर टेकत तिकडे गेली. मायने तिला बघितलं, पाठीवरून हात फिरवला, कान चाचपले. मी म्हणाले, माय, हिला आपन वाढवू, मी दर रविवारी येते, दादा आहेत, तू सांगशील तसंच करू, अक्षरन् अक्षर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकूला म्हणाली, "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे हिला. तुज्याकडं चूल हाय."

दादांनी आमच्या दावणीचा दोर सोडला, गुंडाळला आणि काकूच्या हातात दिला.

आम्ही काही दिवस तिथेच राहिलो. मग एका संध्याकाळी मी हिय्या करून विचारलं, येता का आता बीडला? माय म्हणाली, "चल." इतकी वर्षं ज्या शब्दासाठी डोकं फोडलं तो असा आला. तिने दोन लुगडी बांधली, दादांनी काठी घेतली, दाराला कुलूप लावलं. गाडीत बसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी जिंकले होते ना.

आता दोघं माझ्याकडेच असतात. दादा खाली फाटकाजवळ वॉचमनच्या खुर्चीत बसून येणारी-जाणारी माणसं बघतात. माय खिडकीशी असते. खोकला पुष्कळ कमी झाला आहे, ते मात्र माझं बरोबर निघालं. जेवायला काय करू विचारलं तर म्हणते, कर काय बी. भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणते, चांगली झालीय. पूर्वी माझ्या हातच्या एका भाकरीला ती सतरा नावं ठेवायची. मी मुद्दाम एकदा करपलेली भाकरी वाढली. तिने खाल्ली.

मागच्या महिन्यात, शाळेला सुट्टी होती त्या दुपारी, मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझ्या मनात किती दिवस एक प्रश्न होता. डॉक्टरने मला त्याच्या पुस्तकातलं सांगितलं, माझ्या पुस्तकात मी ते पडताळून बघितलं, सगळं जुळतं. पण मायला ते कुणी सांगितलं होतं, तिच्या आईने, सासूने की तिला स्वतःलाच कळलं होतं? शेंग नीट उतरली आहे हे ती कशावरून ओळखायची, चाखून, वास घेऊन की पाण्याच्या रंगावरून? राख किती घालायची? कुठल्या लाकडाची? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं पोरांना प्रश्न विचारा म्हणून सांगणारी मी, आपल्या आईला हे कधी विचारलंच नव्हतं.

"माय," मी म्हणाले, "शेंगा राखेत कशापायी घालायचीस तू? सांग की मला."

ती खाली रस्त्याकडे बघत होती. तिने मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तो आनंदाने सोसला असता.

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली.